रविवारी उघडणारं झाकण

"सातातले सहा दिवस या मुलीला केमो मिळत नाही," डॉ. हॉलबर्ग म्हणाल्या आणि पेनाचं टोक त्यांनी स्क्रीनवर टेकवलं.

मंगळवारची सकाळची मीटिंग होती. खोलीत आम्ही तिघी. डॉ. हॉलबर्ग म्हणजे आमच्या मुलांच्या कॅन्सर विभागाच्या डॉक्टर आणि या अभ्यासाच्या प्रमुख. दुसरी टेरेसा, विभागाची सोशल वर्कर. तिसरी मी. मी न्यू जर्सीतल्या या हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. पद ऐकायला मोठं वाटतं. काम असं, की अभ्यासात घेतलेल्या प्रत्येक मुलाची प्रत्येक नोंद बरोबर आहे ना, हे पाहायचं. डॉक्टर उपचार करतात, नर्स सुई टोचते, मी आकडे जुळवते.

स्क्रीनवर जो ग्राफ होता तो ओवी तायडेचा. वय सहा, पहिलीत. तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. या आजाराचे सुरुवातीचे काही महिने हॉस्पिटलच्या सतत फेऱ्या मारण्यात जातात. मग रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. लोकांना वाटतं, झालं, सुटलो. तसं नसतं. न दिसणाऱ्या काही पेशी उरलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी पुढची साधारण दोन वर्षं घरीच गोळ्या द्याव्या लागतात. मुख्य गोळी, म्हणजे तोंडानं घ्यायची केमोच, रोज संध्याकाळी. याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो. मूल तोवर खेळू लागलेलं असतं, केस परत आलेले असतात, आईबाप दमलेले असतात. गोळी चुकते ती नेमकी याच काळात. आणि फार चुकली, तर आजार परतण्याची भीती वाढते.

आमचा अभ्यास याच गोळीचा होता. घरी ती खरंच दिली जाते का, आणि दिली तर मुलाच्या रक्तात किती उतरते. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला एक खास बाटली दिली होती. तिच्या झाकणात चिप. झाकण उघडलं की तारीख आणि वेळ नोंदली जाते. महिन्याच्या भेटीत ती नोंद आम्ही उतरवून घ्यायची आणि अभ्यासाच्या मध्यवर्ती ऑफिसला पाठवायची. तिथून तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचा ग्राफ येतो. रोज उघडलं तर रोज एक ठिपका.

ओवीच्या ग्राफवर आठवड्याला एकच ठिपका होता.

टेरेसानं वही बंद केली. "मला आज फोन करावा लागेल," ती म्हणाली.

हा फोन म्हणजे काय ते सांगते. आमच्या राज्यात मुलाच्या उपचाराची हेळसांड होते आहे असा रास्त संशय आला, की सरकारच्या बालसंरक्षण विभागाला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा लागत नाही, संशय पुरतो. मग त्यांचा माणूस घरी येतो, फ्रिज उघडून बघतो, शाळेत जाऊन विचारतो. गोष्ट कोर्टात जाऊ शकते. मूल काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवण्यापर्यंतही जाऊ शकते. तायडे कुटुंब वर्क व्हिसावर होतं. अशा घरात सरकारी माणूस दारात उभा राहिला की काय होतं, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"रक्त काय म्हणतं?" मी विचारलं.

"रक्तही तेच म्हणतं," डॉ. हॉलबर्ग म्हणाल्या. या गोळीनं पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, आणि त्या एका ठरावीक पट्ट्यात राहाव्यात असा डोस ठेवतात. ओवीच्या पेशी पट्ट्याच्या जरा वर होत्या. त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर गोळी दिली जात नाही. किंवा दिली जाते, पण या मुलीला तेवढा डोस पुरत नाही. झाकणाची नोंद पाहिल्यावर दुसऱ्या अर्थाचा विचार कोण करणार?

मी ग्राफ बाजूला ठेवून मूळ नोंद उघडली. माझी ही जुनी खोड आहे. ग्राफ म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी चावून दिलेला घास. मी मूळ ओळी वाचते. अभ्यासातल्या इतर मुलांच्या ओळी मला जवळपास पाठ होत्या. चुकवणारी घरं कशी चुकवतात ते त्यांत दिसतं. शुक्रवारी पार्टी झाली की चुकतं. सुट्टीवर गेले की सलग चुकतं. कधी रात्री अकराला आठवतं, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात काही ठरलेलं नसतं.

ओवीचं झाकण दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला उघडत होतं. एकही रविवार चुकला नव्हता.

"चुकवणारा माणूस इतका नियमित चुकवत नाही," मी म्हणाले.

"नियमित उघडणं आणि गोळी देणं एकच नाही," डॉ. हॉलबर्ग म्हणाल्या.

"बरोबर. न उघडणं आणि न देणंही एकच नाही."

टेरेसानं माझ्याकडे पाहिलं. "शुभदा, राग मानू नकोस. हे तू कोऑर्डिनेटर म्हणून बोलते आहेस की मावशी म्हणून?"

प्रश्न रास्त होता. ओवी मला मावशी म्हणायची, आणि तिच्या तोंडून तो एक शब्द अख्ख्या विभागाला ठाऊक झाला होता. मी म्हणाले, "म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका. शुक्रवारी त्यांची भेट आहे. तोवर थांबा, आणि जो गोळी देतो त्याला विचारा. फोन करून आधी विचारू नका. कुणीच काही सांगू नका."

टेरेसा म्हणाली, "मागे एकदा मी असंच थांबले होते. त्या मुलाचं नाव मला अजून आठवतं."

ती चूक नव्हती. गोळी खरंच चुकत असेल तर तीन दिवससुद्धा ओवीच्याच खात्यातून जाणार होते. शेवटी डॉ. हॉलबर्गनी शुक्रवार ठरवला. शुक्रवारी पटण्यासारखं उत्तर मिळालं नाही, तर फोन तिथल्या तिथे.

मी बुधवारी ओवीचे सगळे कागद पुन्हा वाचले. अभ्यासात घेताना एक प्रश्न असतो : घरी औषध कोण देतं? तिथे तिच्या बाबांनी, निखिलनं, 'पेरेंट्स' असं लिहिलं होतं. पण निखिलचं ऑफिस न्यूयॉर्कला. ट्रेननं घरी यायला त्याला साडेआठ-नऊ होतात. आई प्राजक्ता एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, दुपारची शिफ्ट, सुटते रात्री दहाला. गोळीची वेळ संध्याकाळी आठ. म्हणजे आठ वाजता दोघंही घरी नसायचे. घरी असायचे ते निखिलचे वडील. ओवीसाठी अकोल्याहून येऊन राहिलेले आजोबा. त्यांच्याशी आमच्यापैकी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. बाटलीचं ट्रेनिंग झालं होतं निखिलला, इंग्लिशमध्ये, आणि त्यानं प्रत्येक वाक्याला मान हलवली होती. आपले लोक डॉक्टरांसमोर मान हलवतात. समजलं म्हणूनही हलवतात आणि नाही समजलं तरी हलवतात.

मग मी इंटरप्रिटरची सोय करायला घेतली. आमच्याकडे नियम आहे. परवाना असलेल्या दुभाष्यानंच बोलणं भाषांतरित करायचं, भाषा येते म्हणून कुणीही करायचं नाही. तो व्हिडिओवर येतो. हिंदीचा लगेच मिळतो. मराठीचा आधी सांगून ठेवावा लागतो. डॉ. हॉलबर्ग म्हणाल्या, "तू आहेस ना? कशाला ते सगळं?"

"मी नको," मी म्हणाले. "मी त्यांच्या बाजूनं दोन शब्द इकडचे तिकडे केले, तर तुम्हाला कळणार कसं?"

त्या जरा चमकल्या. पण त्यांनी सही केली.

गुरुवारी संध्याकाळी मी पिस्कॅटवेतल्या नेहमीच्या इंडियन दुकानात गेले होते. घरी भाजी संपली होती, एवढंच कारण. मेथीच्या जुड्या पाहत होते तर मागून आवाज आला, "मावशी."

ओवी ट्रॉलीत बसली होती. डोक्यावर टोपी, हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. ट्रॉली ढकलत निखिल, आणि त्याच्या शेजारी स्वेटर-मफलर घातलेले उंच, किडकिडीत आजोबा. दुकानात हीटर चालू होता तरी त्यांनी मफलर काढला नव्हता.

"ताई, उद्या भेटतोच आहोत," निखिल म्हणाला. त्यानं त्या दिवशी घरून काम केलं होतं. "हे माझे बाबा. बाबा, या ओवीच्या हॉस्पिटलमधल्या शुभदाताई."

आजोबांनी हात जोडले. "गाव कोणतं तुमचं?"

"माहेर वर्ध्याचं."

"म्हणजे आपल्याच भागातल्या निघाल्या." त्यांना एवढा आनंद झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "ही पोट्टी इथं इंग्लिशमध्ये बोलते. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये सांगते. तरी आमचं बरोब्बर जमते."

"आजोबा चीट्स ॲट कार्ड्स," ओवी म्हणाली.

"पाहा, आता काय बोलली ते मले समजलं नाही, पण चहाडी केली एवढं समजलं."

मी हसले. हातातली मेथीची काडी मोडली. मला माहीत होतं की उद्या दुपारपर्यंत या माणसांच्या घराची चौकशी सुरू झालेली असेल, किंवा नसेल. आणि ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. एक वाक्य पुरलं असतं : बाटली रोज का उघडत नाही? पण ते वाक्य आज बोललं असतं, तर उद्याचं उत्तर हे तयार करून आणलेलं उत्तर ठरलं असतं.

तेवढ्यात आजोबा आपणहून म्हणाले, "औषधाची काळजी करू नका. मीच देतो रोज. त्याचं असं हाय..."

"आजोबा, थांबा," मी म्हणाले. आवाज जरा कडकच निघाला असावा. निखिलनं वर पाहिलं. "हे उद्या सांगा. डॉक्टरांनाच सांगा. निखिल, उद्या यांना घेऊन ये. औषध जो देतो त्यानं भेटीला असावं."

"बाबांना कशाला? तीन-तीन तास बसावं लागतं, बोअर होतात."

"घेऊन ये."

मी मेथी घेतली, पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू करायला मला वेळ लागला. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं. कामाचं आहे, एवढंच सांगितलं. पेशंटचं घरी बोलायचं नाही, हा नियम मी आजवर पाळला आहे. त्या रात्री मेथी निवडली आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवली.

शुक्रवारी सकाळी पहिलं काम केलं ते हे, की दुकानातली भेट शब्दशः टाइप करून डॉ. हॉलबर्ग आणि टेरेसाला दिली. टेरेसानं ती दोनदा वाचली.

"तू त्यांना सावध केलंस."

"आजोबांना आणा म्हणाले. बाटलीचा शब्द काढला नाही. त्यात जे लिहिलं आहे तेवढंच झालं."

"मला तुझं खरं वाटतं," ती म्हणाली. "पण मी ते लक्षात ठेवीन."

"ठेव," मी म्हणाले.

तायडे मंडळी वेळेवर आली. आजोबांच्या खांद्याला कापडी पिशवी. ओवीचं रक्त काढून झालं, ती खेळाच्या खोलीत गेली. आत डॉ. हॉलबर्ग, टेरेसा, मी आणि ते तिघं. भिंतीवर व्हिडिओची स्क्रीन. स्क्रीन लागली आणि समोरच्या बाई हिंदीत बोलू लागल्या. बुकिंग मराठीचं, आली हिंदी.

निखिल म्हणाला, "डॉक्टर, इंटरप्रिटरची गरज नाही. मी सांगतो ना बाबांना."

आजोबा म्हणाले, "मले हिंदी चालते."

डॉ. हॉलबर्गनी घड्याळ पाहिलं. त्यांच्यापुढे अजून सहा पेशंट होते. मी म्हणाले, "मराठीच हवं. मी लावते." आणि फोन घेऊन बाहेर गेले. थांबा, होल्डवर राहा, दुसरा नंबर लावा. मी हलले नाही. शेवटी एक मराठी बाई स्क्रीनवर आल्या. कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या, चष्मा लावलेल्या, शांत. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तोंड बंद ठेवलं.

डॉ. हॉलबर्गनी आजोबांकडे वळून विचारलं, "ओवीला गोळी कोण देतं?"

"मी देतो. रोज आठ वाजता."

"कशी देता, ते दाखवाल?"

आजोबांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं चष्मा काढतायत. त्यांनी काढली ती स्टीलची एक छोटी डबी. देवाजवळ कुंकवाला ठेवतात, तेवढीच. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर मराठीत लिहिलेलं : शुक्र.

"दवाखान्यात उशीर होते म्हणे. आठ इथंच वाजले तर? म्हणून घेऊन आलो." त्यांनी डबी उघडली. आत एक गोळी. "अशा सात हायेत. सोमवार ते शुक्रवार एक-एक. शनिवारी-रविवारी दीड. सुनबाई रविवारी सकाळी हातमोजे घालून सातही भरून ठेवते. मी हात नाही लावत. डबीतून थेट पोट्टीच्या तोंडात."

हे दीडचं खरं होतं. मुलांचा डोस उंची-वजनावर ठरतो आणि गोळी एकाच आकाराची मिळते, म्हणून आठवड्याचं गणित जुळवायला काही दिवस एक आणि काही दिवस दीड, असं आम्हीच लिहून देतो.

स्क्रीनवरच्या बाई एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत होत्या, जराही चढउतार न करता. 'सुनबाई' त्यांनी 'माय डॉटर-इन-लॉ' केलं, 'पोट्टी' 'द लिटल गर्ल' केलं. टेरेसा लिहीत होती.

"आणि आम्ही दिलेली बाटली?" डॉ. हॉलबर्गनी विचारलं. "ती कुठे असते?"

आजोबांना प्रश्नाचं नवल वाटलं. "ती वरच्या कप्प्यात हाय. खोक्यात."

"खोक्यात?"

"ज्या खोक्यात आली त्याच्यात. ते मशिन हाय ना. दवाखान्याचं हाय, परत द्यायचं हाय. कागदावर लिहून हाय, जपून हाताळा म्हणून. निखिलनं वाचून दाखवलं मले. मंग तिले रोज काहून हात लावू? रविवारी गोळ्या काढण्यापुरती खाली घेतो. फडक्यानं पुसून परत ठेवतो. बिघडली तर तुमच्या अभ्यासाचं नुकसान."

इंटरप्रिटरनं हे सगळं सांगून संपवलं. निखिलचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याला आता कळत होतं की प्रश्न कुठून आला.

आमच्या माहितीपत्रकात खरोखरच लिहिलं होतं : उपकरण काळजीपूर्वक हाताळावे, अभ्यासाअखेर परत करावे. गोळी थेट यातूनच रोज काढावी, हेही लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर. पण दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात आली की आपण ती कशी ठेवतो, हे ते पत्रक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? माझ्या आईकडे शेजारणीचं पुरणयंत्र मागून आणलेलं असायचं, तर ते धुऊन, पुसून, पेपरात गुंडाळून परत जायचं. वापरताना सगळ्यांचा जीव मुठीत.

डॉ. हॉलबर्गनी डबी हातमोजे घालून उचलली, पाहिली, परत ठेवली. डब्या इतर भांड्यांत धुता का, हे विचारलं. प्राजक्ता पहिल्यांदा बोलली. "नाही डॉक्टर, वेगळ्या. मी लॅबमध्ये काम करते." मग त्यांनी एक जादा रक्ततपासणी लिहिली. या औषधाचा अंश लाल पेशींमध्ये हळूहळू साचत जातो. रोज गोळी घेणाऱ्या मुलात त्याची पातळी एका प्रकारची असते, आठवड्यातून एकदा घेणाऱ्यात तशी राहूच शकत नाही. त्या पातळीला ना झाकण माहीत, ना डबी. रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून यायला काही दिवस लागतात.

टेरेसा म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत माझी फाइल उघडी राहील. फोन मी आज करत नाही." मग तिनं निखिलला नीट समजावून सांगितलं, कुठला फोन, आणि तो का करावा लागला असता. लपवून ठेवणं तिला पटत नव्हतं. मलाही पटलं नसतं.

प्राजक्ता खाली बघत बसली. आजोबांना इंटरप्रिटर सांगत होत्या ते ऐकता ऐकता त्यांनी डबीचं झाकण लावलं, आणि ती पिशवीत न टाकता हातातच धरून ठेवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये निखिलनं मला गाठलं. ओवीचं जॅकेट त्याच्या हातात होतं.

"काल दुकानात तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही मेथी निवडत होतात."

"हो. काल बोलले असते, तर आज बाबांच्या खऱ्याला कुणी खरं मानलं नसतं. मी शिकवून आणलं असं झालं असतं."

त्यानं जॅकेट सुलट केलं, बाही बाहेर काढली, आणि ओवीला आणायला गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. ओवीच्या लाल पेशींमधली पातळी रोज गोळी घेणाऱ्या मुलासारखीच होती. टेरेसानं फाइल बंद केली आणि माझ्या टेबलापाशी येऊन तसं सांगून गेली. त्यासाठी ती खास जिना चढून आली होती.

रिपोर्टनं दुसराही निकाल दिला. गोळी रोज मिळत होती आणि तरी पांढऱ्या पेशी वर होत्या, म्हणजे डोसच कमी पडत होता. डॉ. हॉलबर्गनी तो वाढवला. आम्ही झाकणावर विश्वास ठेवला असता, तर 'आधी नीट द्या' असं बजावून डोस तसाच ठेवला असता. मुलगी अपुऱ्या औषधावर राहिली असती, आणि सरकारी माणूस तिचा फ्रिज तपासत असता. दोन महिन्यांत तिच्या पेशी पट्ट्यात आल्या.

जुन्या नोंदी मात्र मी बदलल्या नाहीत. प्राजक्तानं विचारलं होतं, ते ठिपके आता दुरुस्त करता येतील का. करता येत नाहीत. झाकणानं जे पाहिलं ते पाहिलं. शेजारी कारण लिहायचं, सही करायची. अभ्यासात आपल्याला आवडलेलं उत्तर लिहायला लागलं, तर पुढच्या मुलाला कुठला डोस द्यायचा ते कुणालाच कळणार नाही.

निखिल पुढच्या दोन भेटींत मला मॅडम म्हणाला. तिसऱ्या भेटीत ताईवर आला.

आम्ही बाटलीचं ट्रेनिंग पुन्हा दिलं. या वेळी आजोबांना, मराठीतून. झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवावं लागतं. त्यांच्या बोटांना ते जड जायचं, पण सरावानं जमलं. पुढचा ग्राफ आला तेव्हा डॉ. हॉलबर्गनी तो मला बोलावून दाखवला. रोज संध्याकाळी आठ. एकही दिवस सुटलेला नाही. अख्ख्या अभ्यासात असा ग्राफ दुसरा नव्हता. सगळ्या हॉस्पिटलांच्या बैठकीत तो दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. एका बाजूला आधीचा, एका बाजूला नंतरचा. स्लाइड तयारही होती.

आकडा फार चांगला आला की मला बरं वाटत नाही. पुढच्या भेटीला आजोबा आले, तेव्हा मी कौतुक केलं. म्हटलं, "आजोबा, तुमची नोंद सगळ्यांत चांगली आहे."

"मंग," ते म्हणाले. "आठ वाजले की बाटली खाली काढतो. उघडतो. पोट्टी 'क्लिक' म्हणते. मंग लावून परत वर ठेवतो."

"आणि गोळी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वर्ध्याची नव्हतेच.

"गोळी डबीतून," ते म्हणाले. "पोट्टीच्या जिवाचा सवाल हाय. तो मशिनच्या भरवशावर कसा टाकू?"

मी टेबलाशी जाऊन ते जसंच्या तसं लिहिलं. हे बोलणं गप्पांतलं होतं, म्हणून मराठी इंटरप्रिटर लावून त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी तेच उत्तर दिलं, जरा चढ्या आवाजात. डॉ. हॉलबर्गनी ते वाचलं. स्लाइड काढून टाकली. मग म्हणाल्या, "म्हणजे आधीचा ग्राफ चूक होता, आणि आताचाही."

"दोन्ही बरोबर आहेत," मी म्हणाले. "झाकण तेवढ्याच वेळा उघडलं."

आता नवं मूल अभ्यासात घेताना आम्ही पहिल्या पानावर तीन गोष्टी विचारतो. संध्याकाळी घरी कोण असतं, गोळी कशातून देता, आणि बाटली कुठे ठेवता. उत्तर देणाऱ्याच्या भाषेत विचारतो. या प्रश्नांना चिप लागत नाही, बॅटरीही लागत नाही.